तीस नोव्हेंबरचे पान

एका खत कंपनीने दुकानदारांना भेट म्हणून वाटलेली १९७४ सालची डायरी आमच्या अण्णांच्या हाती कशी पडली, हे घरात कोणालाच आठवत नाही. अण्णा तालुक्याच्या कचेरीत लिपिक होते आणि खताशी त्यांचा संबंध परसातल्या दोन जास्वंदींपुरताच होता. त्या डायरीत त्यांनी कधी हिशेब लिहिला नाही की रोजनिशी लिहिली नाही. प्रत्येक तारखेच्या पानावर त्या दिवशी जन्मलेल्या नामवंतांची नावे लिहायची आणि नावापुढे त्या माणसाचे एखादे वचन उतरवायचे, हा त्यांचा तीसेक वर्षांचा उद्योग होता. वर्तमानपत्रातील दिनविशेष, दिनदर्शिकेची पाठची बाजू, आकाशवाणीवरचे सकाळचे चिंतन, वाचनालयातली जीर्ण पुस्तके, जिथून मिळेल तिथून ते टिपून आणीत आणि रात्री जेवणानंतर शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात डायरीत चढवीत. कुठून घेतले हे मात्र ते कधीच लिहीत नसत.

तीस नोव्हेंबरचे पान त्या डायरीतले सर्वांत गजबजलेले आहे. वर जोनाथन स्विफ्ट, १६६७. त्याखाली मार्क ट्वेन, १८३५. मग जगदीशचंद्र बोस, १८५८. मग विन्स्टन चर्चिल, १८७४. आणि समासात, आडव्या पेन्सिलीने, वचनाशिवाय: ‘मुलगी. पहाटे ४.१०.’ ती मी. एवढ्या मोठ्या पंगतीत जन्मतःच आपले पान मांडले गेले, याचा मला शाळेत असताना फार दिमाख वाटे. पंगतीतल्या इतरांनी काय लिहिले होते हे ठाऊक नव्हते, हा भाग वेगळा.

अण्णा गेल्यानंतर डायरी माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच ते पान मी नीट वाचले, तेव्हा लक्षात आले की एकच वाक्य तिथे दोनदा लिहिलेले आहे. ‘सत्य पायांत बूट चढवीत असते तोवर असत्य अर्ध्या जगाची सफर करून आलेले असते.’ एकदा निळ्या शाईत, मार्क ट्वेनच्या नावावर. दुसऱ्यांदा बहुधा पुष्कळ वर्षांनी, काळ्या बॉलपेनने, चर्चिलच्या नावावर, आणि तिथे बुटांच्या जागी विजार. अण्णांना दोन्ही नोंदी एकाच पानावर असूनही खटकल्या नाहीत, किंवा खटकल्या असतील तर त्यांनी तसे दर्शवले नाही.

मला खटकणे भाग होते, कारण माझे पोटच त्यावर आहे. गेली पंचवीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते. लोकांच्या लेखांतली ऱ्हस्व-दीर्घे सुधारते, राहिलेला शब्द आत घ्यायचा असेल तिथे काकपद देते, आणि अवतरणचिन्हांत काही आले की शक्य तेव्हा मूळ पुस्तक उघडून पाहते. शक्य तेव्हा असे म्हणण्याचे कारण आहे. एका दिवाळी अंकाच्या घाईत मी एका लेखातले ट्वेनच्या नावावरचे हेच बुटांचे वाक्य डोळे मिटून जाऊ दिले होते. अंक बाजारात गेल्यावर एका वाचकाचे पोस्टकार्ड आले: ‘हे ट्वेनने कुठे म्हटले आहे ते कृपया कळवावे.’ मी कळवू शकले नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू, असे संपादकांनी सांगितले. पण दिवाळी अंकाचा पुढचा अंक वर्षाने येतो, आणि तोवर तो लेख कोणाच्या लक्षात राहणार होता? असत्याची सफर आणि सत्याचे बूट यांचा याहून चोख अनुभव मला त्यानंतर आलेला नाही.

शोध घेतला तेव्हा जे सापडले त्याने मी चकित झाले. हे वाक्य ट्वेनच्या लेखनात कुठेही मिळत नाही. त्याच्या नावावर ते छापील स्वरूपात दिसू लागते १९१९ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर नऊ वर्षांनी. त्याआधी १८५५ मध्ये लंडनमधील प्रसिद्ध धर्मोपदेशक स्पर्जन यांनी एका प्रवचनात ते सांगितले, आणि तेही ‘जुनी म्हण’ म्हणून. सत्याला जगभर फिरवायचे असेल तर त्याला ओढायला एक्स्प्रेस गाडी लावावी लागते, असत्य मात्र पिसासारखे फुंकरीवर उडते, असे त्यांनी तिथेच म्हटले आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आणखी मागे, १८२० च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत असत्य मेन राज्यापासून जॉर्जियापर्यंत उडत जाते आणि सत्य अजून बूटच घालीत बसलेले असते. मग आणखी एकशेदहा वर्षे मागे गेले की बूट नाहीसे होतात, अंतर नाहीसे होते, आणि उरते ते एक लंगडणारे सत्य. ते ज्याने लिहिले तो माणूस अण्णांच्या पानावर सगळ्यांत वर बसलेला होता. त्याच्या नावापुढे अण्णांनी दुसरेच काही लिहून ठेवले होते.

नोव्हेंबर १७१० मध्ये ‘एक्झामिनर’ या लंडनच्या साप्ताहिकात स्विफ्टने राजकीय असत्यावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की लेखक कितीही टाकाऊ असला तरी त्याला वाचक मिळतात, तसे लबाडातल्या लबाडालाही विश्वास ठेवणारे भेटतात. आणि एखादे असत्य तासभर जरी खरे मानले गेले तरी त्याचे काम झालेले असते, पुढे त्याची गरज उरत नाही. असत्य उडत येते आणि सत्य त्याच्यामागून लंगडत येते. त्यामुळे लोकांचे डोळे उघडतात तेव्हा उशीर झालेला असतो. बैठक मोडल्यावर आणि मंडळी पांगल्यावर एखाद्याला चोख उत्तर सुचावे, किंवा रोगी दगावल्यावर वैद्याला रामबाण औषध सापडावे, तसे ते होते.

मी हा उतारा प्रथम वाचला तेव्हा मला आपली भाषाच ऐकू आली. वरातीमागून घोडे. बैल गेला आणि झोपा केला. स्विफ्टच्या वैद्यापेक्षा आपला झोपा बांधणारा शेतकरी मला अधिक जवळचा वाटतो, कारण रिकाम्या गोठ्यासमोर उभा असलेला तो माणूस निदान डोळ्यांना दिसतो. असत्याबद्दल मात्र आपल्या म्हणी स्विफ्टपेक्षा फारच आशावादी आहेत. ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ म्हणणाऱ्याला तो गोटा आज ना उद्या बसणारच, अशी खात्री आहे. स्विफ्टचे म्हणणे असे की बसेलही, पण तोवर खोट्याने आपले काम उरकलेले असेल. त्या निबंधातले हे दुखणे, म्हणजे असत्याला फक्त तासाभराचीच गरज असते ही गोष्ट, बुटांच्या वाक्यात उतरलेलीच नाही. बूट आले, शर्यत आली, गंमत आली, आणि ज्यासाठी हे सारे लिहिले ते गळून गेले.

आणि स्विफ्ट हे नुसते निरीक्षण म्हणून लिहीत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ते करून पाहिले होते. जॉन पार्ट्रिज नावाचा एक पंचांगकर्ता लंडनमध्ये भविष्ये छापून बऱ्यापैकी कमाई करीत असे. स्विफ्टने आयझॅक बिकरस्टाफ या खोट्या नावाने १७०८ सालचे भविष्य प्रसिद्ध केले आणि त्यात सांगितले की पार्ट्रिज येत्या २९ मार्चला रात्री अकराच्या सुमारास तापाने मरेल. ती तारीख उलटताच पार्ट्रिजच्या निधनाची सविस्तर हकिकत दुसऱ्या एका पत्रकातून प्रसिद्ध झाली, शोकगीतही निघाले. पार्ट्रिजने पुढच्या वर्षीच्या पंचांगात आपण जिवंत असल्याचे छापले. त्यावर बिकरस्टाफचे उत्तर असे, की पार्ट्रिजचे पंचांग वाचणारा प्रत्येक जण दर ओळीला ‘कोणताही जिवंत माणूस असले काही लिहिणार नाही’ असे उद्गारतो, तेव्हा तो मेलेला आहे हे सिद्धच आहे.

यावर मी हसते, आणि हसून झाल्यावर थोडी ओशाळते. असत्याच्या वेगाबद्दल जगाला सावध करणाऱ्या माणसाने आधी एका जित्या माणसाला कागदावर मारून दाखवले होते. पार्ट्रिजची भविष्ये थोतांड होती हे मान्य. पण आपण जिवंत आहोत हे छापून सिद्ध करण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्याची बाजू कोणी अवतरणांच्या वहीत लिहून ठेवली नाही.

तशीच पाळी पुढे ट्वेनवर आली. १८९७ च्या उन्हाळ्यात तो लंडनमध्ये राहत होता. त्याचा एक नात्यातला भाऊ, जेम्स रॉस क्लेमेन्स, तिथे आजारी पडला आणि क्लेमेन्स हे ट्वेनचेही खरे आडनाव असल्यामुळे ट्वेन अत्यवस्थ असल्याची, मग गेल्याची वार्ता अमेरिकेत पसरली. ‘न्यूयॉर्क जर्नल’च्या प्रतिनिधीने विचारणा केली. ट्वेनने लिहून दिलेले उत्तर इतके साधे आहे की त्याचे वचन व्हावे असे त्यात वरवर काहीच नाही: माझा भाऊ दोन-तीन आठवड्यांपूर्वी गंभीर आजारी होता, आता बरा आहे, माझ्या आजाराची बातमी त्याच्या आजारातून निघाली, माझ्या मृत्यूची बातमी ही अतिशयोक्ती होती. एवढेच. जगाने पुढे त्यात ‘फारच’ घातले. माझ्या मृत्यूच्या बातम्या फारच अतिशयोक्त आहेत, असे ते वाक्य आज सर्वत्र छापले जाते. मी मुद्रितशोधक असल्यामुळे मला तो ‘फारच’ फारच टोचतो. मृत्यूला ‘अतिशयोक्ती’ म्हणण्यात जी बेफिकिरी आहे, ती त्या एका जादा शब्दाने विनोदवीराची खटपट होऊन बसते.

ट्वेनला माझ्या मते वचनांच्या या व्यवहाराची नाडी पुरती सापडली होती. स्वतःची तिखट वाक्ये तो ‘पडनहेड विल्सन’ या आपल्याच कादंबरीतल्या एका वकिलाच्या नावावर खपवीत असे. तो विल्सन म्हणे एक दिनदर्शिका लिहितो आणि तिच्या पानांवरची वचने प्रकरणांच्या माथ्यावर येतात. म्हणजे अण्णांची डायरीच, फक्त बनावट. असत्याबद्दलचे ट्वेनचे खरेखुरे वाक्य तिथेच आहे: मांजर आणि असत्य यांच्यातला ठळक फरक असा की मांजराला नऊच जन्म असतात. ज्याने हे लिहिले त्याला बुटांचे उसने वाक्य चिकटवण्याची जगाला काय गरज होती, ते कळत नाही. पण ट्वेनही या बाबतीत धुतल्या तांदळाचा नव्हता. असत्य, निर्लज्ज असत्य आणि आकडेवारी अशा तीन पायऱ्या सांगणारे सुप्रसिद्ध वाक्य त्याने आपल्या आत्मचरित्रात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांच्या नावावर टाकले. डिझरायलींच्या लेखनात किंवा भाषणांत ते अद्याप कोणाला मिळालेले नाही.

कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत फिरताना ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला होता. मुक्काम काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. व्याख्यानांचे काय झाले यापेक्षा त्याने तिथल्या कावळ्यांवर लिहिलेली पाने मला अधिक प्रिय आहेत. सज्जाच्या कठड्यावर बसून ते कावळे त्याच्याकडे पाहत आपसांत चर्चा करीत: याचे कपडे, याचे केस, रंग, याचा धंदा काय असेल, हा हिंदुस्थानात आला कसा, याने केले काय, किती दिवसांची शिक्षा झाली, आणि हा इतके दिवस फाशी न जाता राहिला कसा. मुंबईच्या कावळ्यांना इतके चांगले ओळखणारा पाहुणा दुसरा झाला नसेल. ती इमारत आजही उभी आहे, आणि तिच्यासमोरून जाताना मी वर पाहते. कावळे असतातच.

त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, एक बावीस वर्षांचा होऊ घातलेला लष्करी अधिकारी ससून डॉकवर उतरला. लाटांनी वर-खाली होणाऱ्या होडीतून त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, होडी खाली गेली, आणि त्याचा उजवा खांदा निखळला तो जन्मभरासाठी अधू झाला. हा चर्चिल. पुढे तो पुण्याच्या छावणीत आणि मग बंगळूरला गेला, आणि आपले शिक्षण अपुरे आहे हे जाणवून दुपारच्या रिकाम्या वेळी पुस्तकांमागून पुस्तके वाचू लागला. ‘माय अर्ली लाइफ’ या १९३० च्या आठवणींत त्याने लिहिले आहे की अशिक्षित माणसाने अवतरणांचे कोश वाचणे चांगले, बार्टलेटचा कोश आपण बारकाईने अभ्यासला, आणि अवतरणे एकदा स्मरणावर कोरली गेली की ती आपल्याला चांगले विचार पुरवतात. अण्णांनी हे वाचले असते तर चर्चिलला त्यांनी आणखी दोन ओळी जागा दिली असती.

स्विफ्ट पूर्वीच्या शतकातला, त्यामुळे त्याची आणि या दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण ट्वेन आणि चर्चिल भेटले. १२ डिसेंबर १९०० रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियामध्ये चर्चिलचे बोअर युद्धावर व्याख्यान होते आणि त्याचा परिचय करून द्यायला ट्वेन उभा राहिला. पाहुण्याला सव्वीस पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते आणि परिचय करून देणाऱ्याला पासष्ट पूर्ण होऊन तितकेच. ट्वेनला इंग्लंडचे आफ्रिकेतले युद्ध मान्य नव्हते आणि अमेरिकेचे फिलिपिन्समधलेही. त्याने सांगितले, की हे गृहस्थ वडिलांकडून इंग्रज आणि आईकडून अमेरिकन आहेत. आपण दोन्ही देश नात्याने एक होतोच, आता पापानेही एक झालो आहोत, तेव्हा मागण्यासारखे काही उरले नाही. मूळ इंग्रजीत नाते आणि पाप यांचा यमक जुळतो, तो मराठीत आणता येत नाही. आपल्याच पाहुण्याला भर सभेत, गोड शब्दांत, तोंडावर मारलेली ही चपराक मला बुटांच्या वाक्याच्या शंभरपट मोलाची वाटते. आणि शुभेच्छापत्रांवर ती कधीच दिसत नाही, कारण ती त्या सभेतून, त्या दोन युद्धांतून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

चर्चिलबद्दल भारतीय माणसाने लिहिताना थोडे थबकावे लागते. दर पंधरा ऑगस्टला माझ्या फोनवर त्याच्या नावाचे एक भाकीत येते: हिंदुस्थानची सत्ता बदमाश, लफंगे आणि लुटारूंच्या हाती जाईल, आणि असेच बरेच काही. पाठवणारे बहुतेक सुशिक्षित, निवृत्त, आणि भाकीत खरे ठरले या आनंदात असलेले. हे वचन त्याच्या नोंदलेल्या भाषणांत सापडत नाही. सापडते ते ६ मार्च १९४७ चे पार्लमेंटातले भाषण, ज्यात तो म्हणाला की आपण हिंदुस्थान ज्यांच्या हाती सोपवत आहोत ती गवताची बाहुली आहेत आणि काही वर्षांत त्यांचा मागमूसही राहणार नाही. काही वर्षांत मागमूस राहणार नाही, हे भाकीत साफ चुकले, म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही. खोटे भाकीत मात्र, कोणाचे का असेना, सोयीचे आहे. याच माणसाने १९३१ मध्ये गांधीजींना अर्धनग्न फकीर ठरवले, आणि १९४२ मध्ये भारतमंत्री अमेरी यांच्याजवळ हिंदी लोकांबद्दलचा आपला तिटकारा ज्या शब्दांत व्यक्त केला ते शब्द अमेरींच्या रोजनिशीत आहेत. चर्चिलला झोडपायला बनावट वाक्य लागत नाही, हेच मला त्या निवृत्त गृहस्थांना सांगायचे असते. मी एकदा सांगितलेही. उत्तरादाखल हात जोडल्याची दोन चित्रे आली आणि पुढच्या पंधरा ऑगस्टला तेच भाकीत पुन्हा आले.

आणि तरीही वाढदिवसाच्या दिवशी बोलावे कसे, हे त्याच्याकडूनच शिकावे. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. तिथे त्याने सांगितले की राष्ट्राला मी स्फूर्ती दिली असे लोक म्हणतात ते मी कधी मानले नाही. सिंहाचे काळीज लोकांचे होते, डरकाळी फोडण्याचे काम माझ्या नशिबी आले. त्याच समारंभात ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराने काढलेले त्याचे व्यक्तिचित्र त्याला भेट मिळाले. ते त्याला मुळीच आवडलेले नव्हते. तो उठला आणि म्हणाला, की हे चित्र आधुनिक कलेचा एक विलक्षण नमुना आहे. सभागृह हसले. पुढे घरच्यांनी ते चित्र नष्ट करून टाकले. नुसते ते वाक्य वाचले तर चित्राची स्तुती आहे असेच कोणीही म्हणेल.

माझ्या दृष्टीने इथेच सगळा घोळ आहे. वाक्याला शेजार असतो. कोणाला उद्देशून, कोणत्या सभेत, आधीच्या कोणत्या वाक्यानंतर ते आले, हा तो शेजार. वचनांच्या वहीत उतरवताना आपण नेमका तो मागे ठेवतो आणि त्या जागी एक मोठे नाव लावतो. चर्चिलच्याच दिवशी, त्याच वर्षी, कॅनडातल्या एका बेटावर लूसी मॉड माँटगमेरी जन्मली. अण्णांना ती ठाऊक नव्हती. ती भर मी पेन्सिलीने घातली. १९०८ मध्ये आलेल्या तिच्या कादंबरीतली अनाथ मुलगी ॲन म्हणते, की उद्याचा दिवस नवा असेल आणि त्यात अजून एकही चूक झालेली नसेल, हा विचार किती छान आहे! हे वाक्य जगभर भिंतींवर टांगलेले असते, आणि प्रूफे तपासून थकलेल्या बाईला ते आवडणारच. पण पुस्तकात तिला सांभाळणारी मरिला लगेच म्हणते: करशील, त्यातही भरपूर करशील. मरिलाला कोणी भिंतीवर टांगलेले मी पाहिले नाही. (म्हातारपणी ट्वेनलाही ही ॲन फार आवडली होती, त्या पानावरची माणसे एकमेकांना अशी अधूनमधून भेटत राहतात.)

जगदीशचंद्रांचे मात्र तसे नाही. त्यांच्या नावापुढे अण्णांनी लिहिलेले वाक्य खरे आहे, आणि त्याचा शेजार शोधला तर ते अधिकच उजळते. आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधनसंस्था देशाला अर्पण केली आणि म्हटले, ‘ही केवळ प्रयोगशाळा नव्हे, हे मंदिर आहे.’ वाढदिवसाला घेण्याऐवजी देण्याची ही तऱ्हा. पण या गंभीर शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये, म्हणजे ट्वेन आणि चर्चिल मुंबईत उतरले त्याच वर्षी, एका केशतेलाच्या कंपनीने ठेवलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत एक गोष्ट लिहिली आणि बक्षीस मिळवले, हे अण्णांना कळले असते तर ते मनापासून हसले असते. कोलकात्यावर येणारे वादळ वेधशाळेने वर्तवलेले असते आणि ते येतच नाही. शास्त्रज्ञ कारणे शोधून दमतात. आणि खरे कारण एवढेच असते, की जहाजावरच्या एका टक्कल पडलेल्या प्रवाशाने तेलाची बाटली समुद्रात रिकामी केलेली असते.

आता एक शंका, जी मला त्या पानाकडे पाहताना नेहमी येते. स्विफ्ट जन्मला तेव्हा ब्रिटिश राज्यात जुनी कालगणना चालू होती. नवी आली १७५२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. नव्या गणनेने त्याचा जन्मदिवस पडतो १० डिसेंबरला. म्हणजे ज्या पंगतीचा मला एवढा अभिमान, तिचा यजमानच दहा दिवस उशिरा येतो. शिवजयंती तिथीने की तारखेने यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या समाजाला यात नवल वाटायचे कारण नाही. स्विफ्टला स्वतःला मात्र या दिवसाचे प्रेम नव्हते. वाढदिवस आला की तो बायबलमधला ईयोबाचा तो अध्याय वाचीत असे, ज्यात ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो.

बुटांच्या वाक्यावर परत यायचे, तर ते तिघांच्या नावांत फिरले आणि तिघेही एकाच तारखेचे निघाले, यात अर्थ काही नाही. तो योगायोग आहे. पण ते ज्यांच्याकडे गेले ते दोघे बोलण्यात जगाला पुरून उरलेले होते, यात अर्थ आहे. बेवारस वाक्य श्रीमंत घरीच दत्तक जाते. आपल्याकडे पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर रोज नवे काहीतरी जन्माला येते, त्याचेही कारण तेच. तुकोबांच्या काळी चाल उलटी होती. सालोमालो नावाचा कोणी त्यांच्या अभंगांतली तुक्याची खूण काढून आपले नाव घाली, आणि ‘सालोमालो हरिचे दास । म्हणउन केला अवघा नास’ असे वैतागून लिहिण्याची वेळ तुकोबांवर आली. आता चोर कोणी उरला नाही. आता प्रत्येक जण आपले वाक्य दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवतो आणि वर त्याच्या छायाचित्राची चौकट लावतो. सालोमालोला निदान स्वतःच्या नावाचा लोभ होता.

अण्णांच्या पानावर मी काय केले ते सांगते. त्यांच्या दोन्ही नोंदी तशाच ठेवल्या. शाईचे अक्षर खोडण्याचे धाडस झाले नाही. ट्वेनच्या ओळीजवळ पेन्सिलीने एक काकपद दिले, रेघ वर स्विफ्टपर्यंत नेली, आणि बारीक अक्षरात लिहिले: ‘एक्झामिनर, १७१०. बूट नाहीत.’

गेल्या तीस नोव्हेंबरला सकाळी भाच्याचा संदेश आला. त्याला माझे हे खूळ ठाऊक आहे, म्हणून यंदा त्याने खातरजमा करून वचन निवडले होते आणि तसे कळवलेही होते: ‘मावशी, या वेळी चूक काढून दाखव. आयुष्यातले सगळे दिवस तुला जगायला मिळोत. जोनाथन स्विफ्ट, १७३८.’ नाव बरोबर होते, साल बरोबर होते. चूक नव्हतीच. ते वाक्य स्विफ्टच्या ज्या पुस्तकात आहे, ते त्याने वर्षानुवर्षे मेजवान्यांना जाऊन, उच्चभ्रू मंडळी एकमेकांच्या तोंडावर फेकतात ती पाठ केलेली पोकळ वाक्ये टिपून ठेवून, त्यांची टर उडवण्यासाठी लिहिले आहे, आणि हे वाक्य तिथे जेवणाच्या टेबलावर बसलेला एक कर्नल बोलतो. मी भाच्याला लिहिले, ‘अगदी बरोबर आहे रे. संध्याकाळी जेवायला ये.’